शेवरीच्या आतली हवा

अप्पा, केळीभोवतीची शेवरी तोडायची की ठेवायची, हे यंदा मला ठरवावं लागलं. तुम्ही असता तर हा प्रश्न निघालाच नसता. अर्धापुरात केळी लावली की बांधाच्या कडेने शेवरी लावायची, ती डोक्याच्या वर वाढली की वाऱ्याने केळीची पानं फाटत नाहीत, एवढंच तुमचं म्हणणं असे. पण यंदा होळीआधीच विहिरीचा तळ दिसायला लागला आणि काकांनी कोयता काढला. "ही शेवरी फुकटचं पाणी पिऊन राहिली," ते फोनवर म्हणाले. "लातूरला बसून लोकायला पाण्याचं सांगतीस, आता घरचं सांग."

पिकाला किती पाणी लागेल, याचा हिशोब करणं हे माझं काम आहे. तुमच्या वेळी केळीची उन्हाळ्यातली पाण्याची पाळी ठरलेली होती आणि ती पुरत होती. आता तीच पाळी पुरत नाही. ऊन लवकर तापतं, रात्री नीट निवत नाही, आणि तापलेली कोरडी हवा पानांतून जास्त पाणी ओढते. केळीचं पान एवढं मोठं, त्यामुळे तिला हे अधिकच जाचतं. इथवर मला माहीत होतं. यात शेवरी वाचवते किती आणि पिते किती, हे माझ्या कोणत्याही तक्त्यात नव्हतं.

मी गावी गेले आणि मायकडून दोन सारख्या पराती मागून घेतल्या. एक शेवरीच्या आत ठेवली, एक बाहेर धुऱ्यावर, मोकळ्या बांधावर. दोन्ही उघड्या उन्हात, दोन्हींत सारखं पाणी. संध्याकाळी पाहिलं तर दोन्ही भरलेल्या. मला काही उलगडेना.

"बाहेरची मी भरली," माय म्हणाली. "पाखरांसाठी ठिवली ना तू? पार तळाला गेली होती."

"आणि आतली?"

"आतली कशाला भरू? तिच्यात होतं की."

"घ्या," काका म्हणाले, "झाला शोध."

पाखरं प्यायली असतील, असं म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोन्ही परातींवर खुराड्याची जाळी टाकली आणि मायला बजावलं. तरीही बाहेरचंच पाणी जास्त उतरलं.

तेव्हा ती दुपार आठवली. मी चौथीत आहे, बकरीसाठी शेवरीच्या फांद्या मोडल्या आहेत. "तुझ्या बकरीसाठी लावली काय ती?" असं म्हणून तुम्ही मला दंडाला धरून आधी धुऱ्यावर उभं करता, मग आत. "आत बरं का वाटून राहिलं, सांग." मी म्हणते, सावली. "सावली तर पल्याड पडली." मी बघते, खरंच पलीकडे पडलेली असते. मग का, असं मी विचारते. "मलाबी न्हाई माहीत. तू शिक अन् मला सांग." त्यानंतर तुम्ही फार वर्षं राहिला नाहीत.

अर्धं उत्तर आता माझ्याकडे आहे. पानांनी सोडलेला ओलावा शेवरीच्या आत रेंगाळतो, वारा तो लगेच उडवून नेत नाही, म्हणून पानांतून पुन्हा तेवढं पाणी ओढलं जात नाही. शेवरीची मुळं केळीच्या वाट्याचं किती घेतात, हे उरलेलं अर्धं. ते परातीत मोजता येत नाही.

"पश्चिमेची ठेवा, गरम वारा तिकडूनच येतो," मी काकांना सांगितलं. "बाकीची तोडा."

"नक्की का?"

"नाही."

"बापावरच गेलीस," काका म्हणाले आणि कोयता घेऊन पूर्वेच्या बांधाकडे गेले. मे महिन्यात बाग करपली तर ती माझ्या शब्दावर करपली असेल.

उरलेलं उत्तर काढण्याच्या पद्धती आहेत. लातूरला उपकरणंही मिळतील. पण खरं सांगायचं तर मला त्याची घाई नाही, अप्पा. ते सापडलं की तुम्हाला सांगायचं काही बाकी राहणार नाही.