एक ट्रक म्हणजे किती गाड्या?

३ मार्च

आजपासून हमरस्त्याच्या कडेला वाहतूक मोजायची ड्यूटी. अंगात नारिंगी जाकीट, तिपाईवर कॅमेरा. साहेबांचा प्रश्न एकच — एक ट्रक किती गाड्यांची जागा अडवतो? मला वाटलं होतं, दोन-अडीच. पण आज ट्रक कसले रेंगाळत होते! मागे गाड्यांची ही रांग! ट्रक जितका हळू, तितका आकडा मोठा.

दुपारी बाबांचा ट्रक आला. हॉर्न दिला, खिडकीतून हात हलवला. सोबतचा इंजिनियर म्हणाला, "तुझ्या ओळखीचे?"

"छे! असेल कोणीतरी."

आणि कॅमेऱ्यात डोकं खुपसलं. मी ट्रकवाल्याची मुलगी, हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. कळलं तर काय आभाळ कोसळणार होतं? संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, "ऊन फार होतं गं. टोपी घालत जा." मान वर करवेना.

७ मार्च

आकडा आला — साडेचार! साहेब खूश. "शाब्बास! दिवसा ट्रक बंदच करा, असं लिहू आपण." टाळ्या. मीही हसले. निर्लज्ज कुठली.

१० मार्च

जेवताना आई म्हणाली, "दिवसा बंदी आली तर ह्यांनी रात्री चालवायचं? समोरून दिवे आले की ह्यांना अंधारी येते, ठाऊक आहे ना तुला?"

बाबा म्हणाले, "तिचं काम आहे ते. तिला कशाला बोलतेस?"

त्यांनीही चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ताट तसंच सारून उठले.

११ मार्च

चित्रण पुन्हा पाहिलं. ट्रक माझ्या अलीकडे हळू होतात, मला ओलांडलं की पुन्हा वेग घेतात. एकूण एक! म्हणजे नारिंगी जाकीट बघून ट्रकवाले मला पोलीस समजले. आकडा सपशेल चूक!

साहेबांच्या दारापर्यंत गेले. आत ते फोनवर कुणाला तरी माझं कौतुक सांगत होते. तशीच परत फिरले. बापाच्या डोळ्यांपेक्षा मला ते कौतुक प्यारं! लाज वाटते स्वतःची.

१२ मार्च

ठरलं. आज साहेबांना सांगायचं — ट्रकवाले मला पोलीस समजले, आकडा रद्द करा. निघण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून बाबांना विचारलं.

"पोलीस कसले! मीच सगळ्या गोदामांवर सांगून ठेवलं होतं — माझी लेक कडेला उभी आहे, तिथं गाडी बेतानं घ्या."