मनगटावरचा ठिपका

रविवार, २ फेब्रुवारी

कांजूरमार्गची खोली मिळाली. सहावा मजला, पश्चिमेची खिडकी, तीन ते साडेपाच उत्तम उजेड. मरोळच्या कारखान्यात मी दिवसभर यंत्रांच्या भागांवर रंगाचा थर किती मायक्रॉन आहे ते तपासते. इथे माझ्या अॅक्शन फिगर रंगवायला टेबल मांडलं. घरमालकीण सुगंधाकाकू मालवणच्या, याच घरात राहतात. इतक्या शिकान बावले रंगयतंस, असं माझ्या बाहुल्यांकडे बघत विचारून त्यांनी घावणे वाढले. त्यांची मुलगी अपूर्वा माझ्याच वयाची. खोके उचलताना तिने विचारलं, रश्मी, दगड भरलेत का गं? खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गोवंडीच्या भंगारवाल्याकडून सहा इंची सैनिक बाई आणली होती. जुना रंग स्पिरिटमध्ये काढला, रंगाखालचा पहिला थर म्हणून राखाडी प्रायमर मारला. कातडीचा रंग मी नेहमी स्वतःवर जुळवते: मिश्रणाचा ठिपका मनगटावर ठेवायचा, वाळल्यावर दिसेनासा झाला की रंग बरोबर. वाळायला दहा मिनिटं. आज पाचव्या प्रयत्नात ठिपका मलाच सापडेना. इतका अचूक रंग पूर्वी कधी जमला नव्हता. तोच तिला दिला.

रविवार, ९ फेब्रुवारी

मनगट धुतलं. ठिपक्याच्या जागी चार मिलिमीटरचा राखाडी डाग. घासून जात नाही. टाचणी टोचली, कळली नाही. छटा थेट प्रायमरची.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एकतीस मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, कोड नाही. तपासण्या लिहून दिल्या. घरी येऊन फिगरच्या मनगटावर बोट ठेवलं. गरम. ठोके मोजले, मिनिटाला बहात्तर. माझ्या त्या मनगटाला नाडी लागत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लावलेला रंग काढता येतो, हा माझा विचार. फिगरचा हात स्पिरिटमध्ये बुडवला. तिचा रंग उतरला आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत राखाडी झाला. गेलेलं परत आलं नाही. जुन्याच प्रमाणात रंग कालवला, तो तिच्यावर धरेना, ओघळून गेला. जिवंत कातडीवर जुळवलेलाच धरतो.

अपूर्वा आत आली. मी हातमोजा घातला होता. रंग जुळत नाही एवढंच सांगितलं. तिने बाही वर केली, म्हणाली, माझ्यावर बघ ना यार, लाजतेस काय.

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तिच्यावर जुळवलेला रंग फिगरच्या हातावर धरला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

माझा हात परत आला. उबदार, एक छटा उजळ. अपूर्वाच्या मनगटावर चार मिलिमीटर. काकू त्यावर खोबरेल तेल चोळतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अपूर्वाने गरम तवा नुसत्या हाताने उचलला. तिला कळलंच नाही. वासाने कळलं. काकू किंचाळल्या. काकू मलम आणायला गेल्यावर मी अपूर्वाला सगळं सांगितलं. अपूर्वा म्हणाली, मग उलटं कर ना, तुला येतं ना सगळं.

मला येत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तिचं तिला परत जावं म्हणून ठिपका माझ्या हातावर जुळवला, फिगरला दिला. परत काही गेलं नाही. आता आम्ही दोघी राखाडी. फिगर आपोआप पूर्ण — नखं, भुवया, ओठांवरची लव. घणाने मारली. अपूर्वा विव्हळली, बरगडी धरून बसली. पुन्हा मारायचं धाडस —

बुधवार, १९

अपूर्वा उठत नाही. डोळे उघडे. माझा उजवा हात गेला, डाव्याने लिहितेय. जबडा हलत नाही. काकूंना वाटतं मी रुसलेय.

गुरुवार

दुपारी साडेतीन. ब्रश ठेवला तिथे नाही. फिगरही नाही. पाय नाहीत मला — म्हणजे आहेत, उचलत नाहीत. उघड्या दारातून दिसतंय, काकू अपूर्वाच्या उशाशी बसल्या बसल्या डुलकी घेतायत. हात मांडीवर, तळवा वर. मनगटावर ओला ठिपका. छटा बरोबर, फक्त ओली म्हणून चमकते.

वाळायच्या आत पुसला तर — कदाचित. हाक निघत नाही. वही फेकली तर जाग येईल. मोठ्या अक्षरात —

काकू मनगट पुसा आत्ता पु