कॅनमधलं पाणी

३ फेब्रु.
प्रयोगशाळेचे कदममामा सकाळी रत्नागिरीहून आले. अठ्ठावीस अर्चिन (समुद्रातले काटेरी गोळे), तीन मेलेले. घाटात आपटून बऱ्याच माद्यांनी कॅनमध्येच अंडी सोडलीत, दर खेपेसारखी. पाणी गढूळ. गाइड मॅडमचं पालुपद सुरू, "पुण्यात समुद्र नाही. थेंब वाया घालवू नका."

७ फेब्रु.
पुन्हा तेच. अंड्यांचा अर्क थेंबभर सोडला, शुक्राणू ढिम्म. बाकी जातींत अंडं पाण्यात रसायन सोडतं, शुक्राणू त्या दिशेला वळतात. आमच्या जातीत नाही. चार वर्षं हेच सिद्ध करतेय. मॅडम खूश, "वेगळं आहे म्हणून तर थिसिस आहे."

१५ फेब्रु.
कर्वेनगरच्या खोलीवर दिवसभर शेवटचं प्रकरण. अकोल्याहून आईचा फोन. "आता तुले डॉक्टर म्हनाचं का?" गल्लीभर सांगून झालंय तिचं.

१९ फेब्रु.
सहज विचारलं, मामा, प्रयोगाला समुद्राचं साधं पाणी देता ते कुठलं?
"ह्या कॅनमधलंच हाय की ताई. अर्चिन काढले की गाळून बाटल्या भरतो. मॅडमनीच सांगितलंय, पहिल्यापासनं."
गाळून अंडी निघतात, रसायन निघत नाही. म्हणजे शुक्राणू ज्यात सोडते त्या माझ्या साध्या पाण्यात ते आधीच सगळीकडे भरलेलं. शुक्राणू वळणार कुठे? मामांची चूक नाही. पहिल्याच वर्षी मी विचारायला हवं होतं.

२१ फेब्रु.
क्षार मोजून समुद्राचं पाणी स्वतः बनवलं. स्लाइड. एक थेंब अर्क.
सगळे वळले. फार सुंदर दिसलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

२२ फेब्रु.
मॅडमना व्हिडिओ दाखवला. दोनदा पाहिला.
"अजून कुणी पाहिलंय?"
नाही.
"तुझी मुदत संपतेय, मी मार्चमध्ये रिटायर होतेय. हे पुढचा विद्यार्थी बघेल." मग माझ्यासाठी चहा मागवला. चार वर्षांत पहिल्यांदा. प्यायले मी तो, याची लाज वाटते.

२७ फेब्रु.
प्रबंध बाइंडिंग होऊन आला. सोनेरी अक्षरं. आत प्रतिज्ञापत्र : निष्कर्ष माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत. खाली मॅडमची सही झालेली, माझी बाकी.
मामा दारात. "उद्या रत्नागिरीला निघतोय. पाणी ह्या वेळी बी गाळून ठेवू ना?"
म्हटलं, नको, ओतून द्या.
"ओतून? मग मॅडमना काय सांगू?"
उद्या पाचला जमा करायची खिडकी बंद होते. सहीची जागा कोरी आहे.