पाडणाऱ्याच्या हाती इळा

प्रिय काकाजी,

परवा तुमच्या गावची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली. कबड्डीच्या फायनलला तुमच्या जागी पंचाची शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि तिथं जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुमच्या घरी येऊन फोटोपुढं बोललो असतो, पण मागं काकीजी उभ्या राहून सगळं ऐकतात आणि मधेच दुरुस्त्या करतात. म्हणून लिहून राहिलो.

आधी जुनी तक्रार. केशोरीच्या सामन्यात तुम्ही माझा बोनस नाकारला होता. पुढचा पाय रेषेपलीकडं होता, मागचा हवेत होता, अख्ख्या गावानं पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, गावाले शिट्टी देली का मी? मेलात तरी कबूल केलं नाही. असू द्या.

बोनस नाकारलात, पण माझा खांदा तुम्हीच वाचवलात. तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. तुमच्याच गावचं पटांगण, धानाची तणस अंथरून वर माती टाकलेलं. मिसरूड फुटलेलं वय माझं, केशोरीचा चढाईपटू म्हणून भलती ऐट! चढाईला गेलो आणि तुमच्या नरेशनं दोन्ही पायांची कैची घालून माझे पाय आवळले. ही पकड खेळात बंद आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तोंडावर जाऊ नये म्हणून वळलो आणि खांद्यावर पडलो. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

लोक धावले. आपल्याकडची रीतच ती, पडलेल्याला चार जणांनी उचलायचं, हात ओढायचा, तोंडावर पाणी मारायचं. तुम्ही माझ्या उशाशी मांडी घालून बसलात आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर खेकसलात. कोणी हात लावायचा नाही, बाज आणा. बाज येईपर्यंत माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं. तुमच्या धोतराला तंबाखूचा वास येत होता, आणि मी दुखण्यानं रडतानाही मनात म्हणत होतो, बुढा आंघोळ करते का नाही?

मला गाडीत घातलं, मग तुम्ही शिट्टी वाजवली. नरेशला बाहेर काढलंत. स्वतःच्या पोराला, स्वतःच्या गावात, मंडईच्या दिवशी! तेवढ्यानं तुमचं भागलं नाही. सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "पैशानं हाड जुळते, धानाची बांधी कापली जात नाही. याचं धान उभं हाय. याले तू पाडलं, आता याच्या वाटणीचा इळा तू धर."

बाप नाही, वैरी आहे, असं गाव बोललं. काकीजींनी अबोला धरला होता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पण तलावाच्या पाण्याची पाळी ठरवायला गाव तुमच्याकडेच यायचं, आणि तुमच्या स्वतःच्या बांधीत पाणी सगळ्यात शेवटी जायचं. अशा माणसाला कोण काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी नरेश सायकलनं केशोरीला आला. तोंड असं, की जणू आम्हीच त्याला पाडलं. माझा हात गळ्यात बांधलेला, मी बांधावर बसलेलो. त्याला धान कापता येत नव्हतं, काकाजी. तुमच्या घरी गडीमाणसं, त्यानं इळा कधी धरला होता? वरवर कापायचा, कापलेल्या धानाच्या कडपा वाकड्या टाकायचा. मी बांधावरून ओरडायचो, मुळापासून काप बे! तो शिव्या द्यायचा, मीही द्यायचो. माझ्या मायनं पहिल्या दिवशी त्याचं ताट लांब ठेवलं आणि त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही.

मग त्याच्या हाताला फोड आले. ते पाहून माय आपली हळद उगाळत बसली. मला म्हणाली, लेकरू हाय तेही, त्याचे हात तं पाहा. कापणी संपेपर्यंत नरेश आमच्याच चुलीपुढं बसून जेवू लागला होता आणि मायला मावशी म्हणू लागला होता. लुगडं धुणाऱ्या मायला मी एका हातानं पाणी ओतून देऊ शकत नव्हतो, तेही त्यानंच ओतलं. त्यानंतर नरेश पुष्कळ वर्षं खेळला. कैची त्यानं पुन्हा घातली नाही.

तुम्ही मला भेटायला ना दवाखान्यात आलात, ना घरी, याचा मला लई राग होता. आता कळते. तुम्ही आला असता तर मी तुमच्या पाया पडून राहू द्या म्हटलं असतं आणि नरेश सुटला असता. पण एकदा तरी सांगायचं होतं ना, की दिल्या, मले तुझी काळजी वाटली? एवढं बोलायला काय धान लागत होतं?

म्हातारपणी तुम्ही टीव्हीवर ती पैशावाली कबड्डी बघायचे. मॅट, गुडघ्याला पट्टे, पडलेल्याकडं पळत जाणारा डॉक्टर, पकड पुन्हा पुन्हा दाखवणारा कॅमेरा. तुम्हाला ते सगळं आवडायचं. आपल्या काळी असतं तर किती पोरं वाचली असती, म्हणायचे. फक्त कार्ड दाखवलं की तुम्ही कुरकुरायचे. कार्ड मिळालेला पोरगा बाकावर बसून पाणी पिते, पण ज्याचा गुडघा गेला त्याच्या घरी कोण जाते रे? मी हसायचो. म्हणायचो, काकाजी, आता काय तिथल्या खेळाडूंना धान कापायला लावता?

आता परवाचं सांगतो. फायनल तुमच्या गावाची आणि सौंदडची. चषकाला तुमचं नाव दिलेलं. आणि तुमच्या गावाचा हुकमी खेळाडू कोण? तुमचा नातू, नरेशचा हर्षल. पोरगा सोनं आहे, खोटं कशाला बोलू! नागपूरहून एका मोठ्या संघानं त्याला निवडीच्या कॅम्पला बोलावलं होतं. आजची गाडी होती. गावभर त्याचे फलक लागले होते.

शेवटच्या चढाईला सौंदडचा रोशन आला. एक गुण घेऊन परतला असता तर सामना त्यांचा. हर्षलनं कैची घातली. अगदी त्याच्या बापासारखी, काकाजी. रोशनचा गुडघा फिरला आणि तो जे ओरडला, ते ऐकून माझाच जुना खांदा ठणकला.

मी शिट्टी मारली आणि धावत जाऊन त्याच्या उशाशी बसलो. कोणी हात लावायचा नाही, बाज आणा. माझ्या तोंडून तुमचेच शब्द आले. त्याला गाडीत घातलं आणि हर्षलला लाल कार्ड दाखवलं. मग माइक हातात घेऊन म्हणालो, या पटांगणावर काकाजींचा जो दंड होता, तोच राहील. रोशनच्या घरचं धान उभं आहे. उद्यापासून हर्षल सौंदडला.

गलका झाला. मंडळाचे लोक माझ्याभोवती जमले. एक जण म्हणाला, "अरे जाने दो ना भाऊ, पोराचा कॅम्प हाय, जिंदगीचा सवाल हाय." दुसरा म्हणाला, काकाजींच्या नावाचा चषक आणि त्यांच्याच नातवाला दंड, शोभते का? तिसऱ्यानं मात्र वर्मावर बोट ठेवलं. "दिल्या, बापाचं उट्टं पोरावर काढून राहिला का?"

माझा खांदा मोडला होता हे साऱ्या गावाला माहीत. मला खरंच वाटलं, आपण शिट्टी खाली ठेवावी आणि केशोरीची वाट धरावी. तुम्ही असता तर एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं असतं. माझी काय टाप!

मी नरेशकडं पाहिलं. तो मंडपात पहिल्या खुर्चीवर होता. तो उठला आणि घराकडं चालू लागला. मी म्हटलं, गेला. इतक्या वर्षांची दोस्ती गेली आज.

थोड्या वेळानं तो परत आला, काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. सरळ हर्षलपुढं उभा राहिला आणि दुपट्टा सोडला. आत इळा होता. मुठीला माझ्या मायनं बांधलेली चिंधी अजून होती, काकाजी! फोड आलेल्या हाताला टोचू नये म्हणून बांधलेली. मला वाटायचं तो इळा कधीच मोडीत गेला असेल.

हर्षल रडकुंडीला आला. "बाबा, माझा कॅम्प?"

नरेश म्हणाला, "रोशनले विचार, तो कोणत्या कॅम्पले जाते."

सामना मी सौंदडला दिला.

आज सकाळी मी सौंदडला जाऊन आलो. रोशनच्या पायाला प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, पण या वर्षी खेळ बंद. तो बांधावर खाट टाकून बसला होता आणि हर्षलवर ओरडत होता, मुळापासून काप बे! मी कडेला उभा राहून हसलो आणि मग डोळे पुसले. रोशनची माय अजून हर्षलशी बोलत नाही. बोलेल. मला माहीत आहे किती दिवस लागतात.

त्यांची शेती रेल्वेच्या रुळाला लागूनच आहे. मी तिथं असतानाच गोंदियाची गाडी गेली, तीच, जिनं हर्षल गोंदियावरून नागपूरला जाणार होता. त्यानं कंबर सरळ करून शेवटचा डबा जाईपर्यंत पाहिलं. रोशन ओरडायचा थांबला होता. मग हर्षल खाली वाकला आणि त्यानं धानाची पुढची मूठ धरली. नागपूरवाले त्याला पुन्हा बोलावतील की नाही, मला ठाऊक नाही. बोलावावं, असं फार वाटते. नरेशनं त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं आहे.

काकाजी, मी तुमचा ऋणी आहे. हा हात वर जातो, नांगर धरतो, शिट्टी तोंडाशी नेतो, तो तुमच्यामुळं. आणि नरेशसारखा भाऊ मिळाला तोही तुमच्यामुळं. जिवंतपणी हे बोललो नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, चल हट, चहा पी.

माझा धाकटा पुढच्या मंडईत पहिल्यांदा उतरणार आहे. अंगात मस्ती आहे, माझ्यासारखीच. मी तुम्हाला शब्द देतो, त्यानं कैची घातली तर त्याचा बाप आधी शिट्टी वाजवेल आणि मग घरी जाऊन इळा आणेल. नरेशकडून तो मी मागून ठेवला आहे, हर्षलची कापणी झाली की माझ्या घरी येईल. मुठीची चिंधी तेवढी बदलणार नाही.

तुमचा,
दिल्या, केशोरीवाला

तो बोनस होता, काकाजी.