बेअरिंग ओव्हनने काढलं

अहो,

तुमच्या बाबांच्या लष्करी ट्रकचं अडकलेलं बेअरिंग निघालं. तुम्ही भंगारवाल्याला फोन करून रुसून झोपलात, तेव्हा मी ते ज्यात अडकलं होतं तो चाकाचा मधला भाग, हब, घासूनपुसून माझ्या केकच्या ओव्हनमध्ये तापवला आणि पालथा केला. इतके दिवस तुमच्या घावांना दाद न देणारं बेअरिंग अलगद सुटून पडलं. ओट्यावर ठेवलंय, डोळे भरून बघा.

मी ड्यूटीवर चाललेय. दुसऱ्या चाकाचा हब आत तापतोय. घंटी वाजली की जाड हातमोजे घालून तोही पालथा करा, मग नवी बेअरिंग बसवून ब्रेक जोडायला घ्या. भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. बोलावलंत तुम्ही, निस्तरा तुम्हीच.

आणि ठोकाठोकी अजिबात नको. हातोडा मी डब्याच्या पिशवीत घालून नेलाय.