भिंतीतली पाच भोके पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
मा. अभियंता साहेब,
घरकुल विभाग, तालुका कार्यालय.

अर्जदार : नितीन काकड्या करबट, रा. जांभूळपाडा, आशागडजवळ, ता. डहाणू, जि. पालघर.

विषय : मीच बुजवलेली हवेची चार व मोरीचे एक भोक फोडण्यास तातडीने परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : घर ताब्यात घेताना मी सही केलेले हमीपत्र.

महोदय,

सविनय कळवतो की, मला विटांचे घरकुल मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. गवंड्याने छताखाली हवेसाठी चार आणि मोरीच्या पाण्यासाठी एक भोक ठेवले होते. गेल्या श्रावणात मोरीच्या भोकातून मण्यार साप आत आला. घाबरून मी ते भोक विटेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवले आणि हात लागलाच आहे म्हणून वरची चारही बुजवली. आमचे जुने घर कारवीच्या कुडाचे. कुडाला भोक लागत नाही, धूर आपसूक बाहेर जातो. विटांचेही तसेच असेल असे धरून चाललो. ही माझी चूक आहे.

२. गेल्या आठवड्यात पाऊस लागला होता म्हणून माझी आई सोनीबाई हिने दार-खिडकी लावून घरात शेगडी पेटवली. थोड्या वेळाने दार उघडता उघडता ती चक्कर येऊन दारात पडली. कोपऱ्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी बसल्या जागी मेली. अंगावर एक जखम नव्हती.

३. माझी पत्नी शितल बाळंत झाली असून उद्या दवाखान्यातून मुलीला घेऊन घरी येते. आमच्यात पाचवीपर्यंत बाळंतिणीच्या खाटेखाली विस्तव ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकी बंद ठेवतात. आईला समजावले. "कोंबडी म्हातारी होती. आगीबिगर पाचवी नाय होत," असे ती म्हणते. साहेब, ती कोंबडी म्हातारी नव्हती.

४. परवानगीशिवाय भिंतीस हात लावणार नाही, असे मी हमीपत्रात लिहून दिले आहे. बुजवताना ते आठवले नाही, फोडताना आठवते. इकडे जमीन हादरते, त्यामुळे भिंत फोडणाऱ्याचे घर काढून घेतात, असे पाड्यात बोलतात. खरेखोटे माहीत नाही, पण मला फार भीती वाटते. कार्यालयात विचारले असता बाबूसाहेबांनी घर ताब्यात देतानाचा फोटो दाखवला. फोटोत पाचही भोके उघडी आहेत, म्हणून उघडी भोके उघडण्याची परवानगी देता येत नाही, बुजवण्याची हवी तर अर्ज करा, असे सांगण्यात आले. सबब, आधी बुजवण्यासाठी व नंतर फोडण्यासाठी हा एकच अर्ज समजावा.

५. मोरीचे पाणी तुंबले तर मी उपसेन, ते डोळ्यांना दिसते. ही हवा दिसत नाही. पाच नाही तर वरचे एक तरी भोक मंजूर करावे. मला घर हवे आहे, पण माणसांसकट हवे आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
नितीन काकड्या करबट
दि. १२ सप्टेंबर २०२४

सोबत : १) हमीपत्राची प्रत २) दवाखान्याचा कागद ३) विटेचा तुकडा

ता.क. : दवाखान्याची गाडी उद्याऐवजी आजच आली. शितल मुलीला घेऊन ओट्यावर बसली आहे, आई आत विस्तव पेटवते आहे. एक भोक मी आत्ताच फोडले, सोबतचा तुकडा त्याचाच आहे. हात लागलाच आहे, तर बाकीचीही फोडतो. परवानगी कृपया मागच्या तारखेची द्यावी.