न पेरलेली भाजी

८ जुलै, मंगळवार

पुन्हा उगवले! शनिवारी ज्याचा समूळ उच्छेद केल्याची घोषणा मी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून केली होती, ते तण आज गुलाबाच्या आळ्यात हातपाय पसरून पहुडले आहे. देठ तांबूस, जमिनीसरपट. पाने समोरासमोर, पण जोडीतले एक थोर, एक धाकटे – विवाहित दांपत्याप्रमाणे. धाकटे कोण, हे साधनेपुढे उच्चारले नाही.

ओढले. वरचा पसारा हातात आला आणि मूळ तुटून आत राहिले. हा त्याचा नित्यक्रम.

सासूबाई मागच्या ओट्यावर बसून पाहत होत्या. बोलल्या नाहीत. आमच्या विवाहापासून आजतागायत त्या माझ्याशी थेट बोललेल्याच नाहीत. मी हातभर अंतरावर असलो तरी पदर कपाळावर ओढायचा आणि लेकीला सांगायचे, "जावईबापूंना म्हणावं, चहा थंडा होऊन राह्यला." मग साधना मला सांगते, चहा थंड होतोय. मी साधनेला सांगतो, घेतो. अशा राजनैतिक शिष्टाचारात आमच्या घरी चहा घेतला जातो.

११ जुलै, शुक्रवार

आज संस्कृतच्या वर्गात मी आणि फळा असे दोघेच उपस्थित होतो. लवकर घरी आलो. आभाळ मळभाचे, उजेड पाण्यात भिजवलेल्या कागदासारखा. अशा दुपारी घर किंचित तरंगते असे वाटते.

सासूबाईंची चिंता मात्र तरंगत नाही, ती बुडाशी बसून आहे. मेव्हणा अंगद कुटुंबासह चाकणला गेला. हसनाबादच्या घरी त्या एकट्या. उन्हाळ्यात चुलीपुढे चक्कर येऊन पडल्या. शेजारणीने पाहिले म्हणून निभावले. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, पोटभर जेवले पाहिजे आणि एकटे राहणे आता बंद. म्हणून इकडे आणले.

आल्या, पण एका अटीवर. सोबत स्वतःच्या ज्वारीच्या पिठाची पिशवी, तिखट-मिठाची पुडी. "लेकीच्या घरचं खाऊन दिवस काढायचे न्हाईत. पीठ हाये तवर राहीन, मंग जाईन." रोज त्या पिठाची एक भाकरी. आमच्या कढईतले काही ताटात घेत नाहीत. आग्रह केला की एकादशी निघते. एका पंधरवड्यात इतक्या एकादश्या कोणत्याही पंचांगाला झेपायच्या नाहीत.

साधनेने परवा गुपचूप आमचे पीठ त्या पिशवीत मिसळले. सासूबाईंनी पहिलीच भाकरी थापली आणि थांबल्या. "हे माझं पीठ न्हाई. माझी भाकर अशी चिरत न्हाई." त्या दिवशी उपास. वरचे मिसळलेले पीठ काढून साधनेला परत.

साधना रात्री पाठ करून झोपली. रडत होती की नाही, विचारले नाही.

१४ जुलै, सोमवार

शत्रूचे नाव कळले. आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे भागवत सर घरी आले होते. मी त्यांच्यापुढे निदान ठेवले, "हा वसू असावा."

"वसू असता तर पान मांसल असतं, आणि फूल पानाच्या बगलेत लपलं असतं," सर उकिडवे बसत म्हणाले. "हे बघा. पान पातळ, खालून पांढुरकं. फुलं बारीक दांड्यावर वर आलेली, गुलाबी. आणि हे हात लावून पाहा." बी बोटाला चिकटले. सोडता सुटेना. "वसू वर्षभराचा पाहुणा. ही मात्र बहुवर्षायू. वरून वाळेल, पण आतलं मूळ गाजरासारखं जाडजूड जिवंत. घेटुळी. तुमच्या भाषेत पुनर्नवा."

पुनर्नवा! ज्या नामाचे रूप मी तीस वर्षे फळ्यावर चालवू शकलो असतो, तिलाच मी उपटून फेकत होतो. सरांनी उपायही सांगितला – माती ओली असताना खोल खणून मूळ अखंड काढा, बी पिकून सांडण्याआधी. जुन्या जालन्यात जाऊन लांब पात्याचे खुरपे आणले. दुकानदाराने विचारले, "शेती किती?" मी म्हणालो, "दोन खाटांएवढी." त्याने खुरपे कागदात गुंडाळून दिले, तेवढाच मान.

१७ जुलै, गुरुवार

स्वप्न पडले. वर्गात बाकांच्या फटींतून तांबूस वेल येत होते, हजेरी घेताना 'उपस्थित' म्हणत होते. सारे हजर. इतका भरलेला वर्ग मी जागेपणी पाहिलेला नाही. जाग आली तेव्हा पहाट होती आणि मागच्या दाराची कडी वाजल्यासारखी वाटली. स्वप्नातलीच असेल.

खुरप्याने सात-आठ मुळे अखंड काढली. विजयी मुद्रेने साधनेला दाखवली. तिने पाहिली, आणि काही तरी बोलायचे गिळले.

२० जुलै, रविवार

आता हे लिहिताना कान तापले आहेत.

सकाळी दोरीवर सासूबाईंचे लुगडे वाळत होते. काठाला खालून पुनर्नवेच्या बिया चिकटलेल्या, ओळीने, जणू नक्षी. म्हणजे त्या आळ्यात जातात? कधी? साधनेला विचारले. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

"आई रोज पहाटे त्याची कोवळी पानं खुडून आणते. तिच्याच तिखटमिठावर वाफवते. भाकरीसोबत तेवढंच खाते."

"आपल्या घरचे खात नाहीत ना?"

"ते आपलं कुठंय? ती म्हणती, जे कुणी पेरलं न्हाई, त्याला कुणी पाणी घातलं न्हाई, ते कुणाचं न्हाई. ते खाल्लं तर लेकीच्या घरचं खाल्ल्यासारखं होत न्हाई."

मग म्हणालो, "मी उपटायचो त्या दिवशी?"

"त्या दिवशी नुसती चटणी. मला शपथ घातली होती तिनं. म्हणाली, जावईबापूंची बाग हाये, त्यांनी काय बी करावं."

म्हणजे मी खुरपे घेऊन, पाठीमागे हात बांधून, पाहणी करून, एका आजारी बाईच्या ताटातली भाजी ओढून फेकत होतो. आणि तिच्याच लेकीला मुळे दाखवत होतो.

वाफवायला गॅस कुणाचा, हा प्रश्न माझ्या तार्किक मनात क्षणभर उभा राहिला होता. साधनेच्या डोळ्यांकडे पाहून तो खाली बसला.

२३ जुलै, बुधवार

प्रायश्चित्त सुरू. उरलेल्या चार रोपांभोवती वर्तुळाकार आळे केले. शेणखत घातले. झारीने पाणी. गुलाबाला जे भाग्य लाभले नाही ते हिला. वर बांबूची काठी रोवून पाटी – 'पुनर्नवा'. अक्षर वळणदार. सायंकाळी पायरीवर बसून राहिलो. ओल्या मातीचा वास, कुठे तरी रिक्षाचा भोंगा, आणि ती चार रोपे हिरवीगार, संथ, आपापल्या स्वप्नात. मला फार बरे वाटले.

२७ जुलै, रविवार

पाने वाढली आहेत. खुडलेली नाहीत.

२८ जुलै, सोमवार

खुडलेली नाहीत.

सासूबाई चटणी-भाकरी खातात. साधनेला म्हटले, विचार. तिने विचारले. मी दाराआड होतो. भिंतीने मला ऐकू दिले.

"आता कसं तोडू, बाई? आळं केलं, खत घातलं, पाणी घातलं. पाटी बी लावली. आता ते जावईबापूंचं पीक झालं."

पाटी काढली. काठी काढली. आळे मोडले. उपयोग काय? जे पाळले ते पाळले. दुर्लक्षाने वाढणारी वस्तू प्रेमाने मारता येते, हा सिद्धांत मी कुठे वाचलेला नव्हता. स्वतः सिद्ध केला.

२ ऑगस्ट, शनिवार

पिशवी तळाला आली. झटकून भाकरी होते.

४ ऑगस्ट, सोमवार

सासूबाईंनी लुगडी बांधली. साधनेने अंगदला फोन लावला, तो म्हणाला, "आईला समजाव ताई, मी इथून काय करू." दुपारच्या झोपेत पुन्हा तोच वर्ग दिसला. बाकांच्या फटी मोकळ्या. कुणीच हजर नाही.

मागच्या ओट्यावर त्या गाठोड्याशेजारी बसल्या होत्या, बागेकडे पाहत. कशाकडे? हिरवळीकडे नव्हे. हिरवळीखालच्या काळ्या मातीकडे. हे मला आज दिसले. हसनाबादला त्यांनी उभे आयुष्य बटईने शेत केले – जमीन दुसऱ्याची, राबणे आपले, पीक अर्धे-अर्धे. ते अर्धे खाताना त्यांची मान कधी खाली गेली नसेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसलो. सासूबाई पायरीवर, साधना मध्ये, शेंगा निवडत. हसनाबादच्या बसला अवकाश होता. मी पेपरातल्या एका शोकसंदेशाला उद्देशून म्हणालो, "आमची जमीन पडीक आहे. बटईने करणारे कुणी मिळेल काय?"

शोकसंदेश गप्प. साधना माझ्याकडे पाहू लागली.

पदर सरकला. "जावईबापूंना इचार, हे गुलाब काढणार का?"

"आई विचारतीय, गुलाब काढणार का?"

सहा वर्षांचे गुलाब. "काढू म्हणावं."

"अन् हे गवत? ढोरं न्हाईत तर गवत कशाला?"

"काढू म्हणावं." हिरवळीला मी 'शाद्वल' म्हणत असे. शाद्वला, क्षमस्व.

"बी कुणाचं?"

"निम्मे-निम्मे."

"खुरपं मालकाचं. पाणी मालकाचं. माल निम्मा, बराबर. अन् भाजी हाती येईस्तोवर खुरपणीची मजुरी ज्वारीत द्यावी लागंल. आमच्याकडं तशीच रीत हाये."

साधनेने हे सांगायला तोंड उघडले, पण मी तिची वाट पाहिली नाही. मी पेपर उंच धरला आणि त्यामागून म्हणालो, "मालकाला मान्य आहे. मात्र मजुराने जास्त एकादश्या करू नयेत, कामाचा खोळंबा होतो."

पायरीकडून बारीक आवाज आला. खोकला असेल. पण मला ओळखीचा वाटला – साधना हसू दाबते तेव्हा असाच येतो.

बस गेली.

६ ऑगस्ट, बुधवार

पहिली मजुरी: पायलीभर ज्वारी. सासूबाईंनी सुपात घेऊन पाखडली, खडे काढून मला दाखवण्यासाठी पायरीवर वेगळे ठेवले. दळून आणली. संध्याकाळी दोन भाकरी.

दोन.

१० ऑगस्ट, रविवार

गुलाब गेले. भागवत सरांनी कुंड्यांत घालून नेले, जाताना म्हणाले, "सर, तुम्ही जमीनदार झालात म्हणे." मी नम्रपणे मान्य केले. वाफे पाडले गेले. मेथी, शेपू, कोथिंबीर. मालकाला वाफ्यात पाय ठेवायची मनाई आहे. हे साधनेमार्फत कळवण्यात आले.

पुनर्नवेचे एकच झुडूप मी टाकीमागे राखले आहे. गुपचूप. पाणी देत नाही, पाहत नाही, नाव घेत नाही. फक्त जाता-येता तिकडे थांबतो. जिने त्या वाईट दिवसांत सासूबाईंना सांभाळले, तिला एवढी जागा असावी.

२४ ऑगस्ट, रविवार

मेथी कोवळी आहे. दुपारी सासूबाई वाफ्याच्या कडेला डुलक्या घेतात, पदर चेहऱ्यावर. वारा येतो, मेथी हलते, पदर हलतो. पायरीवर बसल्या-बसल्या माझाही डोळा लागतो. घर पुन्हा तरंगते. आता बुडाशी काही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

वाटणी झाली. दोन ढीग, मधे काडी. माझा ढीग मोठा होता. साधनेमार्फत हरकत नोंदवली. साधनेमार्फत फेटाळण्यात आली.

त्यांच्या वाट्यातली मेथी त्यांनी केली आणि आम्हां दोघांना वाढली. पाहुण्यासारखा जेवलो. आणखी वाढू का, असे विचारण्यात आले, साधनेमार्फत. घेतली.

७ सप्टेंबर, रविवार

साधना बाजारात गेली होती. टाकीमागे धप्प आवाज झाला. गेलो तर सासूबाई उभ्या, पदर खांद्यावर, हातात माझे खुरपे आणि माझी पुनर्नवा – मुळासकट, अखंड, गाजराएवढी. मूळ त्यांनी माझ्या नाकासमोर धरले.

"जावईबापू, बटईच्या रानात तण पोसून राह्यले का तुम्ही? ह्याचं बी साऱ्या मेथीत जाईल. आपल्याला इथं पुढच्या वर्सी बी पेरायचं हाये."

चुकलो, म्हणालो.

पायजम्याला चार बिया चिकटल्या आहेत. झटकलेल्या नाहीत.